महिन्याची मानकरी

अकोला,
११ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. तुमच्या कानांनी दगा दिल्यापासून तुमच्याशी फोनवर बोलायची सोय राहिली नाही. परवा मी नोकरीचं सांगत होते, तर तुम्ही "काय? कोणती?" एवढ्या मोठ्यानं विचारलंत की मनकर्णामामीच्या शेजारणी दारात गोळा झाल्या. त्यापेक्षा पत्र बरं. निदान शेजारणींच्या आधी तुम्हाला कळेल.

तर ऐका. मी अकोल्याच्या ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयात रुजू झाले. पुण्याच्या कंपनीत माझ्या हाताखाली अख्खा विभाग होता. इथं दारावर "मुख्य मनुष्यबळ अधिकारी" अशी पाटी आहे, आणि त्या मनुष्यबळात देवमन नावाचा एक शिपाई आहे. तोही दुपारनंतर बिलाच्या खिडकीवर जातो. म्हणजे दुपारनंतर मी फक्त स्वतःचीच मुख्य असते.

इमारत मात्र पाहण्यासारखी आहे. जे दिसेल ते कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं. बाकावर कैलासवासी आजोबा, पाण्याच्या कूलरवर मरहूम वालिद, चाकाच्या खुर्चीवर कुणाच्या आत्याबाई. आल्या आल्या भिंतीवर या सगळ्यांचे फोटो ओळीनं आहेत. अध्यक्ष बद्रुद्दीनशेठ कापसाचे मोठे व्यापारी, मनानं राजा माणूस. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, मशीन मांगो, बिल्डिंग मांगो. तनखा मत मांगो. लोग मरहूम के नाम पे देते हैं, नर्स के नाम पे कौन देगा?"

म्हणून मी बिनखर्चाची एक युक्ती काढली. दर महिन्याला एक "महिन्याचा मानकरी" निवडायचा आणि त्याचा मोठा फोटो दर्शनी भागात लावायचा. पहिली मानकरी माया सिस्टर, नवजात बाळांच्या कक्षाची प्रमुख. फोटो छान आला आहे. सगळं उत्तम चाललंय, काळजी करू नका.

तुमची,
रागिणी


अमरावती,
१८ सप्टेंबर २०२५

चि. रागिणी,

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं. मी वाचायला लागलो की शेजारणींनाही ऐकू जातं, त्यामुळे तुझी नोकरी आता गल्लीला माहीत आहे.

मी कापडगिरणीत लेबर ऑफिसर म्हणून जन्म काढला. चांगलं चाललेल्या खात्यात कोणी फोटो टांगत नाही, एवढं मला कळतं. पत्रात शेवटी "काळजी करू नका" लिहिलंस, तिथंच मला काळजी लागली. तू लहानपणी ताट पुढे सरकवून "पोट भरलं" म्हणायचीस, तेव्हा भाजी दोडक्याची असायची.

आता मला एवढंच सांग. तो फोटो त्या बाईला पाहिजे होता, की तुझ्यापाशी द्यायला दुसरं काही नव्हतं? तिला काय पाहिजे ते तू तिला विचारलंस का? विचारलं नसशील तर आधी विचार. त्याला बजेट लागत नाही.

मामीनं शेवेचा डबा करून ठेवला आहे. तिकडे जाणारा माणूस सापडला की पाठवते.

तुझा,
भगवंतमामा


अकोला,
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

तुमच्यापुढे काही लपत नाही, याचा मला लहानपणापासून राग आहे.

खरं सांगते. तुमच्याच अमरावतीत एक नवं खासगी रुग्णालय निघालंय आणि ते आमच्या नर्सेस एकेक करून उचलतंय. गणपती बसल्यापासून माझ्या टेबलावर राजीनामेच येऊन पडतात. नव्या मुली येतात, काम शिकतात, प्रमाणपत्र घेतात आणि अमरावतीची बस धरतात. आम्ही म्हणजे त्यांची फुकटची शाळा झालो आहोत.

आता उरली माया सिस्टर. आजूबाजूच्या तालुक्यांतून कमी वजनाची, काचेत ठेवावी लागणारी बाळं आमच्याकडे येतात ती तिच्याच भरवशावर. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, ती गेली तर कक्षाला कुलूप लावावं लागेल. ट्रस्टची सभा दिवाळीनंतर आहे, आणि "कक्ष चालू ठेवायचा की नाही" हा विषय पत्रिकेवर आलाही आहे. मी तिच्या मदतीला दोन नर्सेस मागितल्या. शेठ प्रेमानं म्हणाले, "वॉटर कूलर देऊ का?"

तुम्ही विचारलंत, तिला विचारलं का म्हणून. नाही विचारलं. विचारून द्यायचं काय, मामा? ती काही मागेल, मी नाही म्हणेन, मग तिला अमरावती अजून जवळ वाटेल. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं मला वाटलं. फोटोचं सांगितलं तेव्हा ती हसली होती. काल मात्र तिनं स्वतः दसऱ्याची सुट्टी मागितली, बापाकडे सेमाडोहला जायचं म्हणून. मी लगेच दिली. बरीच मोकळी वाटली बोलताना, त्यामुळे मला धीर आला आहे. सोडून जायचं असतं तर सुट्टी कशाला मागितली असती?

दसऱ्यानंतर मी कामगार कार्यालयाच्या कामाला नागपूरला जाणार आहे. आल्यावर लिहिते.

तुमची,
रागिणी


अमरावती,
४ ऑक्टोबर २०२५

चि. रागिणी,

आज सकाळी शेजारच्या सत्यभामाबाई रडतच घरी आल्या. त्यांचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. तिथून त्यांना निरोप आला की तुझी माया सिस्टर गेली. मला आधी खरं वाटेना. पण त्यांच्या माहेरच्या पार्वताबाई स्वतः दवाखान्यात जाऊन हार घातलेला फोटो पाहून आल्या आहेत. मामीनं देवापाशी दिवा लावला.

पोरी, मी त्या बाईला कधी पाहिलं नाही, तरी वाईट वाटलं. तुझ्या पत्रांतून ती ओळखीची झाली होती. आमच्या गिरणीत जुना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गेला की मालक पायी स्मशानात यायचे. डोळ्यांत पाणी आणून बोलायचे. ऐकताना मला दर वेळी वाटायचं की यातलं थोडं तरी तो हयात असताना त्याच्या कानावर पडायला हवं होतं.

तू स्वतःला दोष देत बसशील, मी तुला ओळखतो. देऊ नकोस. तिच्या घरच्यांचं पीएफचं, विम्याचं काम तू स्वतः कर, दुसऱ्यावर सोपवू नको. त्यांना खेपा घालायला लावू नको. आपल्या हातात तेवढंच असतं.

धीर धर.

तुझा,
भगवंतमामा


अकोला,
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

आधी मामींना दिवा विझवायला सांगा. माया सिस्टर ठणठणीत आहे. आता माझ्यासमोर बसून तुमचं पत्र वाचते आहे आणि पोट धरून हसते आहे. पीएफवाल्या ओळीवर तर तिनं मला विचारलं, "मॅडम, येवढं लवकर मिळते का हो पीएफ?"

झालं ते असं. दसऱ्याला देवमननं सगळ्या दवाखान्यात शस्त्रपूजा केली. यंत्रांना हार, रुग्णवाहिकेला हार, लिफ्टला हार. आपल्या मानकरणीचा फोटो मी लावला होता दिवंगतांच्या ओळीत, कारण रिकामा खिळा तिथंच होता. दसऱ्याला त्या सगळ्या ओळीला हार पडतात, त्यात तिलाही पडला. पुढ्यात उदबत्ती लागली. मी नंतर देवमनला झापलं, तर म्हणतो, "मॅडम, साऱ्याइले हार घातला. ह्या बाईनंच काय पाप केलं होतं?"

दुसऱ्या दिवशी अंजनगावहून पार्वताबाई आल्या. त्यांचा नातू मायानं काचेतून वाचवलेला. बाळाला दाखवायला आणि सिस्टरला सोनं द्यायला म्हणून आपट्याची पानं घेऊन आलेल्या. त्यांनी फोटो पाहिला आणि तिथंच बसकण मारली. "कावून गेली वं माय! माह्या नातवाले उब देली अन् सोताच थंडी पडली!" ओपीडीची सगळी रांग त्यांच्याभोवती रडायला लागली. पहाऱ्यावरच्या माणसानं शेठना कळवलं. शेठनी मायाला फोन लावला, तो बंद. सेमाडोहच्या जंगलात रेंज कुठली? पण शेठ म्हणाले, आता कशाला लागेल! बालरोगतज्ज्ञांना वाटलं शेठना पक्कं माहीत आहे, शेठना वाटलं डॉक्टरांना पक्कं माहीत आहे.

मी नागपूरहून आले तेव्हा व्हरांड्यात शोकसभा चालू होती. मामा, मलाही खरंच वाटलं. तिला एकदाही "तुम्हाला काय हवंय" असं विचारलं नव्हतं, एवढंच मनात येत राहिलं आणि मी सगळ्यांसमोर रडले. पुढे शेठ बोलत होते. "मॅडम ने मायाबेटी के लिए दो नर्स मांगी थीं. आज मैं ऐलान करता हूँ, तिच्या नावानं दोन नर्सेस या कक्षात कायम राहतील. तनखा माझ्याकडून." लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि आठवण होऊन खाली घेतले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पाहते तर "माया सिस्टर".

"मॅडम, आत्ता परतवाड्यात रेंज आली. माह्या फोनवर येवढे मिसकॉल काहून हायेत? वार्डात काई झालं का?"

"सिस्टर, इथं तुमची शोकसभा चालली आहे."

ती म्हणाली, "कोणाची?"

"तुमची."

"मंग बंद नका करू. फोन चालू ठेवा. ऐकू द्या मले बी, कोण काय म्हणते ते."

शोकसभेसाठी अंजनगावहून पुन्हा आलेल्या पार्वताबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि आधी तिला भरपूर शिव्या दिल्या, मग आशीर्वाद. शेठ खुर्चीत बसून हसत होते आणि रुमालानं डोळे पुसत होते. मला वाटलं, सुटलो. दोन नर्सेस मिळाल्या, कक्ष वाचला.

पण दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला. देणगी स्मरणार्थ होती, आणि सिस्टर तर अल्लाच्या मेहरबानीनं हयात आहेत. जिवंत माणसाच्या नावानं तनखा दिली तर उद्या सगळा स्टाफ दारात उभा राहील. सबब देणगी रद्द.

मायाला सांगताना माझी मान वर होईना. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत आहो मी, मॅडम." एवढं बोलून ड्युटीवर गेली. आता कळलं की सेमाडोहला ती बापाला विचारायलाच गेली होती, अमरावतीची नोकरी धरू का म्हणून. आणि मी खूश होते ती मोकळी वाटली म्हणून. ज्याचं जायचं ठरत आलं आहे तोच इतका मोकळा बोलतो, हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत कळू नये!

मी शेठना लांबलचक टिपण लिहायला घेतलं आहे. नर्सिंगमधली गळती, नव्या माणसाला शिकवायचा खर्च, सगळे तक्ते करून. पटेल का त्यांना?

तुमची,
रागिणी


अमरावती,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रागिणी,

मामीनं दिवा विझवला नाही. म्हणते, बाई जिवंत आहे तर तिच्या आयुष्यासाठी राहू दे. सत्यभामाबाई मात्र माझ्यावर रागावल्या आहेत, कारण त्यांनी एक दिवस उपास धरला होता. माझं ते पत्र परत पाठवू नको. बाईला हसायला कामी आलं, भरून पावलो. असं समाधान माझ्या कोणत्याही शोकपत्रानं मला आजवर दिलं नव्हतं.

आता कामाचं. तक्ते फाड. बद्रुद्दीनशेठ कापसाचा व्यापारी आहे, हिशेब त्याला तुझ्यापेक्षा जास्त येतो. तक्ता पाहिला की तो घासाघीस सुरू करेल आणि तू हरशील. त्याचं मन वाईट नाही. तो शोकसभेत खोटं रडला नाही. फक्त आजवर त्याला मागणाऱ्याचं तोंड कधी पाहावं लागलं नाही. त्याच्यापुढे नेहमी अर्ज गेला, नाहीतर फोटो.

गिरणीत संप टाळायचा असला की मी एकच करायचो. मालकाला त्याच्या केबिनमधून बाहेर काढायचो, खात्यात न्यायचो आणि ज्याचं भांडण आहे त्याच्याशेजारी बसवायचो. समोरासमोर नाही, शेजारी. मध्ये टेबल नको. चहा आधी, बोलणं मागून. आणि मी तोंड शिवून बसायचो. तुला हे शेवटचं सगळ्यात जड जाईल, मला ठाऊक आहे. पण तू बोललीस की ते दोघं एकमेकांशी न बोलता तुझ्याशी बोलायला लागतील, आणि गाडी तिथंच अडेल.

सिस्टरला आधी विचार, यायची तयारी आहे का. तिला शिकवून पाठवू नको.

शेवेचा डबा शेजारच्या देवेंद्रच्या गाडीनं पाठवला आहे. पोचला की कळव. सिस्टरलाही दे.

तुझा,
भगवंतमामा


अकोला,
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

दिवाळीच्या धांदलीत पत्र लांबलं. शेव पोचली. सिस्टरला दिली, ती सगळ्या कक्षात वाटली गेली, माझ्या वाट्याला चुरा आला.

टिपण फाडलं. मग मी सिस्टरकडे गेले आणि पहिल्यांदा विचारलं की तुम्हाला काय हवंय. ती म्हणाली, "झोप." मी म्हटलं, शेठना सांगाल का? म्हणाली, "सांगतो ना. मले काय भेव हाय?"

शेठना कक्ष दाखवायचा म्हणून बोलावलं. एवढ्या वर्षांत ते कक्षाच्या काचेपर्यंत कधी आले नव्हते. उद्घाटनाची फीत खालीच कापली होती म्हणे. बाहेरच्या बाकावर बसले. सिस्टर हात धुऊन आली आणि शेजारी बसली. देवमननं चहा आणला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि जीभ दाताखाली धरली.

शेठनीच सुरुवात केली. "जा रही हो बेटी?"

"जाणारच होतो, शेठजी. अमरावतीवाले पगार बी जास्त देऊन राहिले. पण पगाराचं मले येवढं नाई. मी थकली. सुट्टी घ्याची म्हटलं तं वार्डात माणूस नाई. नवी पोरगी शिकवली का ते जाते. पुन्हा मीच. अन् कधी नाई ते दोन दिवस बापाकडे गेली, तं इकडे माही मयत उरकून घेतली तुमी."

शेठ हसले. चहा बशीत ओतून घेतला. सिस्टर पुढे म्हणाली, "पार्वताबाई त्या दिवशी माह्यासाठी रडली, ते आयकलं मी फोनवर. माही आई बी येवढी रडली नसती. तवापासून माहा पाय निघून नाई राहिला. पण दोन पोरी द्या, शेठजी. एकट्या माणसाच्या भरवशावर हे लेकरं ठेवू नका. मले काई झालं तं ह्याइचं कसं?"

शेठ काचेतून आत पाहत होते. मला सारखं काहीतरी बोलावंसं वाटत होतं, मामा. अगदी घशाशी येत होतं. मी चहा पीत राहिले.

मग ते म्हणाले, "देना तो मैं भी चाहता हूँ. पण आमच्याकडे एक रीत आहे. वालिद गुजर गये, त्यांच्या नावानं मशीन दिली. अम्मीच्या नावानं ऑपरेशनची खोली. या दोन नर्सेसवर नाव कुणाचं टाकू, तूच सांग."

"तुमचंच टाका."

शेठ दचकले. कप खाली ठेवला. "मेरा? अरे बेटी, मैं तो अभी जिंदा हूँ!"

"मी बी तं आहो, शेठजी."

आत एक बाळ रडायला लागलं. सिस्टर उठली, पुन्हा हात धुतले आणि आत गेली. काचेपलीकडे तिनं त्या बाळाला थोपटून गप्प केलं, मग दुसऱ्याकडे वळली. शेठ बाकावर बसून ते पाहत होते. त्यांचा चहा निवला. देवमन कप उचलायला आला, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

उठताना मला म्हणाले, "मॅडम, दो नर्स की जाहिरात दे दो. कल के पेपर में."

परवाच्या सभेत कक्ष बंद करायचा विषय निघालाच नाही. काल एक मुलगी रुजू झाली, सिस्टर तिला शिकवते आहे; दुसरी सोमवारी येते. देणगी कुणाच्या नावानं मांडायची ते मी शेठना विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तुमची,
रागिणी